कडेचा माणूस

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. जगात कुठेही काही घडले, की त्याला त्यात कथानक दिसू लागते. आणि कथानक फारच सुबक दिसले, की लगेच त्याच्या मनात संशय उभा राहतो. मला स्वतःला फुटबॉल खेळता येत नाही. शाळेच्या मैदानावर मुले खेळत असताना शिट्टी घेऊन कडेला उभे राहावे, इतकाच माझा त्या खेळाशी प्रत्यक्ष संबंध. पण २ मे १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर झालेल्या एका सामन्याने मला गेली काही वर्षे पछाडले आहे. तो झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. मी पाहिला तो जुन्या, पावसाच्या रेघा ओढल्यासारख्या दिसणाऱ्या चित्रफितीत; एकदा पाहिला आणि मग पुन्हा पुन्हा पाहिला. दिवाळी अंकात माझ्यासारख्याने एखाद्या कवीवर किंवा नाटकावर लिहावे, अशी अपेक्षा असते. यंदा मी एका फुटबॉल खेळाडूची समीक्षा करणार आहे. वाचकांनी फराळाच्या ताटाबरोबर तीही गोड मानून घ्यावी.

कथानक असे आहे. इंग्लंडमध्ये एफ. ए. कप नावाची जुनी आणि मानाची स्पर्धा आहे. लहानमोठे सारे संघ तीत उतरतात आणि त्यांतले दोनच शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचतात. आपल्या नायकाचे नाव स्टॅन्ली मॅथ्यूज, वय अडतीस, संघ ब्लॅकपूल. सारे जग त्याला ओळखते, पण या कपाचे पदक काही त्याच्याजवळ नाही. १९४८ साली तो अंतिम सामन्यात हरला, १९५१ साली पुन्हा हरला. त्याचे वडील १९४५ मध्ये वारले. मरताना त्यांनी मुलाजवळ दोन गोष्टी मागितल्या, असे मॅथ्यूजने पुढे लिहून ठेवले आहे: आईला सांभाळ, आणि कपाचे पदक मिळव. ही तिसरी खेप आहे आणि वय पाहता बहुधा शेवटची. राज्याभिषेकाला महिना उरलेली तरुण राणी एलिझाबेथ सामना पाहायला आली आहे. खेळ सुरू होऊन दीड मिनिट झाले नाही, तोच समोरचा बोल्टन संघ गोल करतो. पुढे बोल्टनचे तीन गोल होतात, ब्लॅकपूलचा एकच. वीस-बावीस मिनिटे उरतात. आणि मग उजव्या कडेने अडतीस वर्षांचा एक किंचित वाकलेला, केस विरळ झालेला माणूस चेंडू घेऊन निघतो. तीन-दोन. तीन-तीन. नेमून दिलेली नव्वद मिनिटे संपल्यावर, दुखापतींपायी वाया गेलेल्या वेळाची भरपाई चालू असताना, चार-तीन!

असे कथानक मी लिहून पाठवले असते, तर संपादकांनी ‘फार जुळवून आणल्यासारखे वाटते’ असा शेरा मारून ते साभार परत केले असते. वास्तवाला असले संपादक नसतात. सोबत्यांनी मॅथ्यूजला खांद्यावर उचलून घेतले, राणीने त्याच्या हाती पदक दिले, आणि त्या दिवसापासून तो सामना ‘मॅथ्यूज फायनल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आजही त्याचे तेच नाव आहे.

माझ्या संशयाला जागा मिळाली ती या नावात. त्या दिवशी ब्लॅकपूलचे चार गोल झाले. त्यांतले तीन केले स्टॅन मॉर्टेन्सनने आणि चौथा, विजयाचा, केला दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या बिल पेरीने. मॅथ्यूजच्या नावावर एकही गोल नाही. ज्याने तीन गोल केले त्याचे नाव सामन्याला नाही आणि ज्याने एकही केला नाही त्याचे आहे, हा न्याय की अन्याय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला मॅथ्यूज नावाचा माणूस थोडाफार समजला, असे वाटते.

ज्यांच्या घरात फुटबॉलचा वारा नाही त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा करतो. त्या काळच्या रचनेत आघाडीला पाच खेळाडू असत. मधला जो असे त्याने गोल करायचे. अगदी उजवीकडचा आणि अगदी डावीकडचा हे दोघे ‘विंगर’. आपण त्यांना कडेचे खेळाडू म्हणू. मैदानाच्या लांबीला जी पांढरी रेघ आखलेली असते, ती धरून त्याने चेंडू पुढे न्यायचा, वाटेत आडव्या येणाऱ्या बचावपटूला चकवायचे, आणि शेवटच्या रेघेपाशी पोहोचल्यावर तेथून चेंडू मध्ये, आपल्या माणसापुढे, नेमका टाकायचा. गोल करायचा तो दुसऱ्याने. पंगतीत वाढप्याचे जे काम असते तेच हे. जेवणारा तृप्त होऊन ढेकर देतो, यजमानाला धन्यवाद मिळतात. वाढप्याकडे लक्ष जाते ते फक्त त्याने आमटी सांडली तर!

हा वाढपी जन्मला १ फेब्रुवारी १९१५ रोजी, इंग्लंडच्या मध्यभागी स्टोकजवळच्या हॅनली गावी. सारा मुलूख कुंभारकामाच्या भट्ट्यांचा आणि त्यांच्या धुराचा. बाप जॅक मॅथ्यूज न्हावी, आणि हौसेने नव्हे तर पैसे लावून लढणारा मुष्टियोद्धा. ‘हॅनलीचा लढाऊ न्हावी’ अशी त्याची ख्याती होती. तो पहाटे मुलांना उठवी आणि उघड्या खिडकीपाशी उभे करून दीर्घ श्वसनाचा व्यायाम करायला लावी. त्या थंडीत धुरकट हवा छातीत भरून घेणाऱ्या चार भावांतला हा तिसरा. पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी या क्लबात पडेल ते काम करण्यासाठी लागला, सतराव्या वाढदिवशी पगारी खेळाडू झाला आणि एकोणिसाव्या वर्षी, १९३४ मध्ये, इंग्लंडच्या संघातून वेल्सविरुद्ध खेळला. बापाने लावलेली शिस्त त्याने जन्मभर सोडली नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पहाटेचा व्यायाम चुकवायचा नाही, मांसाहार जवळजवळ वर्ज्य. आणि पुढे पुढे तर सोमवारी उपवास! शंकराशी त्याचा काही संबंध नव्हता, शनिवारच्या सामन्यानंतर शरीराला विसावा द्यावा एवढाच हेतू. पण आपल्याकडच्या आजीबाईंना हा इंग्रज त्यामुळे जवळचा वाटेल. गंमत अशी, की याच निर्व्यसनी माणसाचे चित्र एका सिगारेटच्या जाहिरातीवर झळकत असे. चरित्रनायकाला निखळ साधू करून टाकण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी ही जाहिरात विसरू नये.

त्याची कला म्हणजे काय होती? चित्रफितीत ती पाहताना पहिल्यांदा निराशाच होते, इतकी ती साधी आहे. मॅथ्यूज चेंडू घेऊन अगदी सावकाश, जवळजवळ चालत, बचावपटूसमोर येतो. चेंडू उजव्या पायाशी. मग तो सारे अंग डावीकडे झुकवतो, आता हा मैदानाच्या आत शिरणार असे वाटावे इतके. समोरचा माणूस तोल त्या बाजूला टाकतो. त्याच क्षणी मॅथ्यूज उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेने चेंडू रेघेकडे ढकलतो आणि पहिल्या दहा पावलांत असा सुटतो, की समोरच्याने वळून पाहीपर्यंत मध्ये हातभर नव्हे, चांगली खोलीभर जागा पडलेली असते. आपल्या खो-खो-कबड्डीत याला सरळ ‘हूल’ म्हणतात. बस्स, एवढेच. डावीकडे हूल, उजवीकडे पळ. त्याच्याजवळ दुसरे डाव नव्हते असे नाही, पण मुख्य डाव हाच. आणि तो त्याने तेहतीस वर्षे खेळवला. साऱ्या इंग्लंडला तो ठाऊक होता. समोरच्या बचावपटूला त्याच्या शिक्षकांनी, व्यवस्थापकांनी, बायकोनेसुद्धा बजावून पाठवलेले असेल, की तो डावीकडे झुकेल, तू फसू नकोस. आणि तरीही तो फसे.

टीकाकार येथे घोटाळ्यात पडतात. नावीन्य हे कलेचे लक्षण, असे आपण शिकलो आहोत. मग एकच गोष्ट हजार वेळा करणाऱ्याला कलावंत कसे म्हणावे? मला वाटते, उत्तर आपल्या कीर्तनात आहे. हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट श्रोत्यांतल्या पोरासोरांनाही पाठ असतो. तरी स्मशानातल्या प्रसंगाला बुवा आले, की देवळात टाचणी पडली तरी ऐकू येते. पुढे काय होणार ते माहीत असूनही ज्याच्यापुढे आपण पुन्हा हरतो, तो खरा बुवा. मॅथ्यूजच्या हुलकावणीत फसवणूक कमी आणि वेळेचे भान जास्त होते. समोरच्या माणसाचा तोल नेमका कोणत्या निमिषाला एका पायावर जातो, ते त्याला कळे. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. बाप ज्या खेळात पटाईत होता त्या मुष्टियुद्धात मात्र ते लागते. न्हाव्याच्या मुलाने ठोसे मारण्याचे सोडून दिले आणि ठोसा चुकवण्याची विद्या पायांत उतरवली, असे मला राहून राहून वाटते. बचावपटू त्याला पाडत, लाथा घालत. तो उठून पुन्हा चेंडू मागे. साऱ्या कारकीर्दीत पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिल्याची नोंद नाही.

आता दुसरी बाजू मांडतो. ती न मांडता केलेली समीक्षा म्हणजे आरती. इंग्लंडच्या निवड समितीला मॅथ्यूजबद्दल कायम शंका होती. हा आपल्या लहरीने खेळतो, याच्यापायी डाव मंदावतो, मधले खेळाडू वाट पाहत उभे राहतात आणि तोवर समोरचा बचाव परतून येतो, असे आक्षेप होते. ते निव्वळ मत्सराचे नव्हते. १९३४ ते १९५७ अशा तेवीस वर्षांत इंग्लंडकडून त्याचे अधिकृत सामने झाले ५४. मध्ये महायुद्धाची वर्षे गेली हे खरे, पण कितीदा तरी त्याला सरळ वगळले गेले होते. शिवाय त्याच वेळी प्रेस्टन गावात टॉम फिनी नावाचा दुसरा एक उजव्या कडेचा खेळाडू होता. पेशाने नळकाम करणारा, स्वभावाने अबोल. तो उजवीकडे खेळे, डावीकडे खेळे, मध्ये खेळे, आणि स्वतः गोलही करी: इंग्लंडकडून ७६ सामन्यांत ३० गोल. मॅथ्यूजचे ५४ सामन्यांत ११. त्या काळी इंग्लंडातल्या खाणावळींतून ‘मॅथ्यूज की फिनी’ हा वाद आपल्याकडच्या ‘बालगंधर्व की केशवराव’ या वादाइतक्याच चवीने चाले.

या वादात मी माझे मत देतो. खेळाडू म्हणून फिनी अधिक परिपूर्ण होता. मला संघ निवडायचा असता तर पहिले नाव मी त्याचे लिहिले असते. १९४७ साली लिस्बनमध्ये निवड समितीला सुबुद्धी सुचली, एकाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे घातले, तेव्हा इंग्लंडने पोर्तुगालवर दहा गोल चढवले. म्हणजे वाद मुळात वादच नव्हता. पण फिनीला सगळे येत होते, आणि मॅथ्यूजला एकच गोष्ट अशी येत होती की तशी ती कुणालाच येत नव्हती. ज्याला सगळे येते त्याचा आपण आदर करतो. ज्याला एकच गोष्ट येते आणि जो तीवर सारे आयुष्य लावतो, त्याच्याकडे आपण टक लावून पाहतो. दोन्ही भाव खरे आहेत. त्यांची सरमिसळ करू नये.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, ती पैशाची. मॅथ्यूजच्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. जानेवारी १९६१ मध्ये ती उठली तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. मैदानात पन्नास हजार माणसे ज्याच्यासाठी येत, त्याला आणि ज्याचे नाव घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नसे त्याला मिळकत जवळपास सारखीच. खेळाडू क्लबाच्या दावणीला बांधलेला असे. क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. १९३८ साली मॅथ्यूजने स्टोक सोडू द्यावे अशी मागणी केली, तेव्हा गावात सभा भरली आणि तीन हजारांवर माणसे ‘मॅथ्यूजला जाऊ देऊ नका’ म्हणायला जमली. तो राहिला. लोकांचे हे प्रेम खरे होते. पण ते दावे आणखी घट्ट करणारे प्रेम होते, हेही तितकेच खरे. शेवटी मे १९४७ मध्ये व्यवस्थापकाशी बिनसल्यावर स्टोकने त्याला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकले. बत्तीस वर्षांचा खेळाडू म्हणजे उतरणीला लागलेला माल, असा हिशेब असावा. त्या वेळी स्टोक लीगच्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. महिनाभराने शेवटचा सामना शेफील्डला होता. तो जिंकला असता तर विजेतेपद त्यांचे होते. ते दोन-एक असे हरले. विकलेला माल पुढे आणखी अठरा वर्षे खेळला.

आता पुन्हा वेंब्लीकडे येऊ. चित्रफीत चौथ्या-पाचव्यांदा पाहताना माझे लक्ष मॅथ्यूजवरून ढळले आणि बोल्टनच्या डाव्या बाजूकडे गेले. तेथे एरिक बेल नावाचा खेळाडू लंगडतो आहे. सामन्याच्या सुरुवातीलाच त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. म्हणून त्याला त्याच्या जागेवरून हलवून पुढे कडेला नुसते उभे केले होते. त्याच अवस्थेत त्याने उडी मारून डोक्याने बोल्टनचा तिसरा गोल केला! पुढे पुढे त्याच बाजूचा बचावपटू राल्फ बँक्स याच्या पायात गोळे येऊ लागले. म्हणजे मॅथ्यूजने शेवटच्या वीस मिनिटांत जी तटबंदी फोडली, तिच्यातला एक बुरूज आधीच ढासळलेला होता आणि दुसरा ढासळत होता. ब्लॅकपूलचा छोटा चणीचा अर्नी टेलर हे बरोबर ओळखून चेंडू सारखा उजवीकडेच देत राहिला. त्या विजयात टेलरच्या डोळ्यांचा वाटा किती, याची चर्चा क्वचितच होते. मॉर्टेन्सनचे पाहा. दुसऱ्या गोलाच्या वेळी मॅथ्यूजने टाकलेला चेंडू बोल्टनच्या गोलरक्षकाच्या हातून निसटला, आणि मॉर्टेन्सन खांबावर आदळण्याची पर्वा न करता धावत येऊन तो आत लोटतो. तिसरा गोल तर त्याने लांबून, फ्री किकवर, एका सरळ फटक्यात केला. त्यात मॅथ्यूजचा काडीचा संबंध नाही. मॉर्टेन्सन हा महायुद्धात बॉम्बफेकी विमान कोसळूनही वाचलेला माणूस होता. वेंब्लीच्या जुन्या मैदानावर कपाच्या अंतिम सामन्यात एकट्याने तीन गोल करणारा तोच एक. १९९१ मध्ये तो वारला तेव्हा ‘याच्या अंत्ययात्रेलाही मॅथ्यूजचेच नाव देतील’ असे कुणी म्हणाल्याचे सांगतात. विनोद कडू आहे, पण खोटा नाही.

मग नाव चुकीचे का? मॅथ्यूजला विचारले असते तर तो ‘होय’ म्हणाला असता. त्याने ते नाव कधी स्वीकारले नाही; हा सामना मॉर्टेन्सनचा, असे तो जन्मभर सांगत राहिला. मी मात्र मॅथ्यूजशी अर्धाच सहमत आहे. चौथा गोल पाहा. वेळ संपत आली आहे. मॅथ्यूज उजवीकडे रेघेपाशी जातो, तीच हूल देतो, आत शिरतो आणि चेंडू मागे वळवून टाकताना स्वतः पाय घसरून पडतो. पेरी धावत येतो आणि गोल करतो. मॅथ्यूज त्या वेळी जमिनीवर आहे. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी हा माणूस दुसऱ्याच्या पायाशी चेंडू देऊन गवतावर पडलेला असतो, हे दृश्य मी कल्पनेने रचू शकलो नसतो. लोकांनी सामन्याला नाव दिले ते गोल मोजून नव्हे. वीस मिनिटे त्यांचे डोळे ज्याच्यावर खिळले होते, त्याचे नाव दिले. लोकांचे डोळे खोटे नव्हते. पण डोळ्यांच्या या न्यायात मॉर्टेन्सन, टेलर आणि लंगडा बेल यांचे जे बुडाले, ते भरून देणे हे आपल्यासारख्या मागाहून लिहिणाऱ्यांचे काम आहे. मी शाळामास्तर आहे. उत्तरपत्रिकेवर गुण द्यायचे ते उत्तर लिहिणाऱ्याला, हे मला कळते. पण वर्गात कुणाच्या एका प्रश्नामुळे ते उत्तर साऱ्यांना सुचले, तेही मला आठवत असते.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच वेंब्लीवर हंगेरीच्या संघाने इंग्लंडला सहा-तीन असे हरवले आणि इंग्रजांचा गर्व उतरला. इंग्लंडच्या त्या संघात उजव्या कडेला मॅथ्यूज होता आणि त्याच बाजूला त्याच्या मागे बचावाला अल्फ रॅम्झी नावाचा विचारी गृहस्थ. हा रॅम्झी पुढे इंग्लंडचा व्यवस्थापक झाला, आणि १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला तो त्याच्या हाताखाली. अंतिम सामन्याच्या त्याच्या संघात कडेचा खेळाडू एकही नव्हता! ज्याने वर्षानुवर्षे मॅथ्यूजची पाठ सर्वांत जवळून पाहिली, त्यानेच कडेच्या माणसाला रजा दिली. यश मिळाले म्हणजे वाद संपतो, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. रॅम्झीचा हिशेब बरोबर होता. कडेला वाट पाहत उभा राहणारा माणूस चैनीची वस्तू असतो. पण मॅथ्यूज पाहायला जाणारी माणसे हिशेब पाहायला जात नव्हती. ऑक्टोबर १९६१ मध्ये शेहेचाळीस वर्षांचा मॅथ्यूज पडत्या काळातल्या स्टोककडे परतला, तेव्हा आठ-नऊ हजारांवर आलेली प्रेक्षकसंख्या त्याच्या पहिल्याच सामन्याला पस्तीस हजारांवर गेली. दोन वर्षांत, १९६३ मध्ये, स्टोक पुन्हा पहिल्या श्रेणीत चढला. त्याआधी १९५६ साली युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान प्रथमच सुरू झाला, तोही एकेचाळीस वर्षांच्या या माणसाला मिळाला होता. १९६५ च्या आरंभी त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. खेळत असताना ती मिळालेला फुटबॉलपटू तो एकटाच. ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, पन्नास वर्षे आणि पाच दिवस वय असताना, तो फुलहॅमविरुद्ध शेवटचा लीग सामना खेळला. आपण दोन वर्षे लवकर निवृत्त झालो, अशी त्याची पुढे तक्रार असे.

खेळाडूचा वारसा म्हणजे त्याने कुणाला काय शिकवले ते, असे धरले तर मॅथ्यूजची पहिली परीक्षा नापासाची. निवृत्तीनंतर तो पोर्ट व्हेल या क्लबाचा कारभार पाहू लागला. कोवळी मुले घडवण्याचा बेत होता. १९६८ मध्ये खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याबद्दल त्या क्लबाला दंड झाला आणि लीगमधून काढून टाकले गेले; इतर क्लबांच्या मतांनी तो परत आत आला, पण मॅथ्यूज बाहेर पडला. उत्तम करणारा उत्तम चालवणारा असतोच असे नाही, हे आम्हां शिक्षकांना मुख्याध्यापक झाल्यावर उमगते.

पण दुसरी परीक्षा बाकी होती. वर्षानुवर्षे उन्हाळ्यात तो आफ्रिकेत जाऊन मुलांना खेळ शिकवीत असे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे राज्य होते. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र खेळू नये असा तेथला कायदेकानू. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत काळ्या शाळकरी मुलांचा एक संघ त्याने बांधला. ‘स्टॅन्स मेन’ म्हणजे स्टॅनची माणसे, असे त्याचे नाव. १९७५ मध्ये त्या मुलांना घेऊन तो चक्क ब्राझीलला गेला. ज्यांना आपल्याच देशातल्या गोऱ्या वस्तीत मोकळेपणाने फिरता येत नव्हते, ती मुले समुद्रापलीकडे फुटबॉलच्या माहेरी खेळून आली.

या प्रसंगाबरोबर मला दुसरे एक छायाचित्र आठवते. १४ मे १९३८, बर्लिन. सामन्यापूर्वी रांगेत उभ्या इंग्लंडच्या खेळाडूंचे हात हिटलरी सलामीसाठी वर झाले आहेत. वरून हुकूम आला होता. खेळाडूंना तो मनातून रुचला नव्हता. त्या रांगेत तेवीस वर्षांचा मॅथ्यूजही आहे. इंग्लंडने तो सामना सहा-तीन असा जिंकला, मॅथ्यूजनेही एक गोल केला. पण जिंकलेला सामना विसरला गेला, वर गेलेले हात राहिले. हुकमाने हात वर करणारा तो तरुण, आणि सदतीस वर्षांनी कुणाच्या हुकमाची वाट न पाहता काळ्या मुलांना विमानात बसवणारा हा साठीचा म्हातारा. मधल्या वर्षांत तो काय काय शिकला असेल, यावर त्याने व्याख्याने दिली नाहीत. मला मात्र त्याच्या साऱ्या गोलांपेक्षा आणि पदकांपेक्षा ही वाट जास्त मोलाची वाटते. सोवेटोतही त्याने केले ते कडेच्या माणसाचेच काम. चेंडू दूरवर नेला आणि दुसऱ्याच्या पायाशी दिला.

२३ फेब्रुवारी २००० रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. अंत्ययात्रेच्या दिवशी स्टोकच्या रस्त्यांवर लाखभर माणसे उभी होती. ज्या क्लबाने त्याला उतरता माल म्हणून विकले, त्याच क्लबाच्या नव्या मैदानात त्याची रक्षा पुरली आहे, आणि जागा निवडली आहे मैदानाच्या मधल्या वर्तुळाखालची. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. तेहतीस वर्षे जो माणूस रेघ धरून, कडेकडेने धावला, त्याला लोकांनी शेवटी मधोमध आणून निजवले. आता तेथे दर सामन्याला त्याच्या डोक्यावर चेंडू ठेवूनच खेळ सुरू होतो.

आणि ब्लॅकपूलच्या मैदानाबाहेर एक पुतळा उभा आहे. तो मॉर्टेन्सनचा आहे.